रांजणाखालची सफरचंदं

आमच्या लहानपणी सफरचंद हे फळ नव्हतं, तो दवाखान्याचा भाग होता. जसं सलाईन, जसा थर्मामीटर, तसं सफरचंद. कोणाच्या पिशवीतून लाल काही डोकावलं की समोरचा माणूस आधी विचारायचा, "कोन भरती हाय?" जानेफळच्या बाजारात पेरू, बोरं, सीताफळं, केळी सगळं यायचं, पण सफरचंद बघायचं तर मेहकरला दवाखान्याच्या फाटकासमोरच्या गाड्यावर. आता मी जिथे राहते तिथे खालच्या दुकानात भर वैशाखात सफरचंदांचे ढीग लावलेले असतात, प्रत्येकाच्या कपाळावर कागदाची टिकली. ती कधी तोडली, किती महिने कुठल्या थंड गोदामात झोपून होती, कोणी विचारत नाही. माझी नात अर्धं खाते, उरलेलं काळं पडेस्तोवर ताटलीत ठेवते, आणि मी बोलले की म्हणते, "आजी, सफरचंदच आहे ना!" हे सगळं तिला सांगायला बसले तर तिची शाळेची गाडी चुकेल, म्हणून इथे लिहिते आहे.

आमचं गाव जानेफळहून पायी तासाभराचं. घर मातीचं, वर टिनं, समोर निंबाचं झाड आणि झाडाला बांधलेली एक आगाऊ शेळी. बाबा शाळेत शिपाई होते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या तीन एकरांत कोरडवाहू शेती करायचे. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जायची. घरात चूल सांभाळायची ती माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, गिरजाआत्या. नवरा लवकर गेला म्हणून ती भावाकडे आली होती, पण आश्रिताचं तोंड घेऊन कधी वावरली नाही. पहाटे जाग यायची ती तिच्या भाकरीच्या थापेनं. थप, थप, मग परात फिरवल्याचा घासलेला आवाज, मग पुन्हा थप. तव्यावरच्या भाकरीला पाणी लावलं की चर्रर्र व्हायचं आणि तेवढ्यावर मी अंथरुणातून ओळखायचे की आपली भाकरी झाली. शेंगदाण्याची चटणी, कधी अंबाडीची भाजी, थंडीत चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत. फार काही नव्हतं, पण आत्याच्या हातचं कधी उरलं नाही.

तिची खरी कीर्ती मात्र आंब्यांची होती. उन्हाळ्यात कैऱ्या उतरल्या की आढी लावायला लोक आत्याला बोलवायचे. खोलीच्या कोपऱ्यात गव्हाचं काड पसरायचं, त्यावर कैऱ्या, पुन्हा काड, वर पोतं, आणि दार लावून घ्यायचं. काड किती, थर किती, कोणत्या दिवशी उघडायचं, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. ज्या घरांच्या ओसरीवर आम्हाला पाणी वरून ओतून मिळायचं, त्या घरांतही आत्या आढी लावायला थेट आतल्या खोलीत जायची. बाबा म्हणायचे, "आंब्यापायी याईचा धर्म बुडत नाई वाटते." आत्या हसायची. तिचा एक शब्द होता, आढी बोलली. म्हणजे बंद दाराबाहेर वास सुटला. वास सुटला की फळ तयार. तिचं सगळं शास्त्र या एका वाक्यात होतं.

दादा फौजेत होता आणि त्या वर्षी डोंगरातल्या कुठल्याशा थंड मुलखात त्याची नेमणूक होती. दिवाळीच्या सुमारास तो सुट्टीवर आला. शेगावला गाडीतून उतरून, दोन एसट्या बदलून, शेवटचा रस्ता पायी, आणि डोक्यावर लोखंडी ट्रंक, तिच्यावर एक लाकडी पेटी. पेटी अंगणात उघडली तेव्हा असा वास आला की शेळीनेही मान वर केली. आत वाळलेल्या गवतात सफरचंदं होती, एकाच ठिकाणी एवढी, की आई पहिल्यांदा घाबरलीच. "इतके आजारी कोन पडलं बाप्पा?"

कोणीच आजारी नव्हतं. दादाने ती माझ्या ताईसाठी आणली होती. ताई लोणारकडे दिलेली. नऊ वर्षांची असताना ती विषमज्वराने मेहकरच्या दवाखान्यात होती, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला सफरचंदाची एक फोड दिली होती. त्या एका फोडीवर ताईने आयुष्यभर गप्पा मारल्या. आता तिला दिवस होते. या आधी दोनदा राहून गेलेले, म्हणून घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. तिच्या पोटात काही ठरत नाही, भाताचं पाणीसुद्धा उलटून पडतं, आणि डोहाळा एकच, सफरचंदाचा, असा निरोप आला होता. तिसरा-चौथा महिना, एसटीच्या धक्क्यात आणायची सोय नाही. बाबा चार सफरचंदं घेऊन लोणारला जाऊन आले. चौदा माणसांचं घर ते. ताईच्या वाट्याला अर्धं आलं, पण ते अर्धं पोटात राहिलं. बाबांनी हे सांगितलं आणि आईने तिथल्या तिथे ठरवलं. माघात सातव्याच्या ओटीभरणाला ताई माहेरी येईल आणि मग बाळंतपणापर्यंत इथेच राहील. तोवर सफरचंदं टिकली पाहिजेत.

पण पेटी आली त्या दिवशी वाडीतल्या सगळ्यांना चव दाखवणं भाग होतं. बाबांनी पाच-सहा सफरचंदं कापली, कागदासारख्या पातळ फोडी. लोक देवाचा प्रसाद घ्यावा तशी तळहात पुढे करून घेत होते. आत्याच्या हातावर फोड आली. तिने ती उलटसुलट पाहिली, वास घेतला आणि माझ्यापुढे धरली. "घे वं, माहे दात दुखून राह्यले." मी एकदाही नको म्हटलं नाही. माझी खाऊन झाली होती आणि तिची माझ्या तोंडात जाईस्तोवर मी शेजारच्या पोरांकडे विजयाने बघत होते.

उरली एकवीस. आत्या म्हणाली, "काड आन बरं, कोठीत लावून टाकतो." दादा हसला. "आत्या, याले आढी नाई लागत. याले उलटं लागते." तो ज्या डोंगरात होता तिथल्या एका म्हाताऱ्याकडे त्याने पाहिलं होतं. मातीच्या घराच्या तळखोलीत ते लोक सफरचंदं ठेवत आणि बर्फ वितळेपर्यंत खात. दादाने मला जवळ बसवून सगळं समजावलं, कारण घरात धड वाचणारी मीच. बाबांची अक्षरओळख सहीपुरती. माझ्या वहीचं पान फाडून त्याने लिहून दिलं: तोडलं तरी फळ जिवंत असतं, श्वास घेतं. जितकं गार आणि ओलसर ठेवशील तितका सावकाश. प्रत्येकाला वेगळा कागद गुंडाळ, एकाला दुसरं लागू देऊ नको. दुसरं कुठलंही फळ त्या खोलीत नको. दर रविवारी उघडून बघ, डाग दिसला की ते बाहेर. खाली एक रेघ मारून लिहिलं होतं, वास सुटला तर समज की हातचं चाललं.

हा कागद मी आईला दोनदा वाचून दाखवला. आत्या तेव्हा शेळीला पाला टाकायला उठून गेली होती. आज मला कळतं की शेळीपुढे पाला आधीच होता. ज्या बाईला अख्खं गाव फळासाठी बोलावतं, तिच्याच घरात फळ आलं आणि राखण तेरा वर्षांच्या पोरीकडे गेली. पण तेव्हा मला दादाने मोठं काम दिलं होतं आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मागच्या खोलीत पाण्याचे दोन रांजण होते. ते झिरपायचे, त्यांच्याखालची वाळू बारा महिने ओली. रांजणांच्या तिवईखाली, त्या गारव्यात, मी एकवीस पुडक्या मांडल्या. दादा सुट्टी संपवून गेला. रविवारी शाळा नसे. आई-बाबा शेतात गेले की मी दार लोटून बसायचे आणि एकेक कागद उघडायचे. जुन्या वर्तमानपत्राचा कुरकुर आवाज, वर रांजणाचं थेंब थेंब, आणि नाकाशी नेल्यावरच येणारा तो पुसटसा वास. दादाच्या पत्राला मी उत्तर लिहायचे, "एकवीसपैकी वीस ठीक, एकाला डाग, ते शेळीला दिले." बहुधा फौजेतसुद्धा एवढा चोख अहवाल कोणी देत नसेल. आत्या दारात उभी राहून विचारायची, "काय म्हन्तात तुहे सफरचन?" मी म्हणायचे, "ठीक हायेत." दोन शब्द. एखाद्या साहेबाने द्यावं तसं उत्तर.

संक्रांतीनंतर मला हिवताप आला. दहा-बारा दिवस मी पडूनच. दात वाजायचे, मग घाम, मग पुन्हा दात. आई रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजारी हायेस, एक सफरचन खाय." मी मान फिरवली. "थे ताईचे हायेत." त्या नकाराचा मला इतका अभिमान वाटला की तापातही बरं वाटलं. पहिल्या रविवारी मी आत्याला म्हटलं, "आत्या, तू पाहशील? उघडून पाय फक्त, डागी असंन तं काढ." आत्याचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. "हाव वं माय, तू नीज. म्या काय आजच पाहून राह्यली काय फळ?"

त्या दिवसांत थंडी मात्र भयंकर पडली होती. हरभऱ्याच्या पानांवर पांढरं साचायचं, लोक दुपारीही शेकोटी करायचे.

तापातून उठले ती एका सकाळी, गोड वासाने. आधी वाटलं तोंडाला चव आली म्हणून असेल. पण वास घरभर होता, भाकरीच्या धुरातूनही येत होता. आई निंदणाला जाता जाता म्हणाली, "किती गोड वास येऊन राह्यला वं!" आत्या चुलीपुढे बसून गालात हसत होती. म्हणाली, "आढी बोलली."

मी भिंत धरत मागच्या खोलीत गेले. रांजणाखाली काहीच नव्हतं. परत आले तेव्हा आत्याने चुलीमागच्या उबदार कोपऱ्यातलं पोतं मोठ्या हौसेने बाजूला केलं. खाली गव्हाचं काड, काडात माझी सफरचंदं, कागद काढलेली, एकाला एक लागून. मध्ये मध्ये चार पिकलेले पेरू. "सोबत पाहिजे फळाले," आत्या म्हणाली. "तिथं गारठून गेल्ते बिचारे. दाबून पाह्यलं तं दगड. ताई येईस्तोवर मऊ व्हाले पाहिजेत ना."

वरचं सफरचंद मी उचललं तर बोट आत गेलं. पिवळं पडलेलं, आत भिजल्या पिठासारखं. त्याच्याखालचं तपकिरी. त्याच्याखालच्याला पाणी सुटलेलं. दारामागे टांगलेला दादाचा कागद मी खसकन काढला आणि त्या खालच्या ओळीवर बोट ठेवून तिच्या तोंडापुढे नाचवला. "वास सुटला तर चाललं! हे लिहेल हाय! तुले वाचता येत नाई तं हात काऊन लावला?"

आयुष्यात मी अनेकांना टोचून बोलले आहे आणि त्यातल्या निम्म्यांना तरी ते हवंच होतं. पण हे एक वाक्य परत घेता आलं तर बाकी सगळी मी ठेवून घेईन.

आत्याने पदराने हात पुसले, कागदाकडे पाहिलं. त्या अक्षरांकडे तिने असं पाहिलं, जणू ती तिच्या पाठीमागे काहीतरी बोलत होती आणि आज पकडली गेली. मग खाली बसली आणि काडातून एकेक सफरचंद बाहेर काढायला लागली. "वाच," ती म्हणाली, "पयल्यापासून. सारं वाच."

मी वाचलं. रडतच वाचलं, कारण अंगात ताकद नव्हती आणि राग उतरायला लागला की मला रडू येतं. गार. ओलसर. लागू द्यायचं नाही. दुसरं फळ नाही. आत्याने प्रत्येक ओळ स्वतःशी पुटपुटून घेतली. मग म्हणाली, "म्हंजे कडक असंन थे चांगलं आन मऊ पडलं थे गेलं. बरोबर?" मी मानेनेच हो म्हटलं. तिने डोळे मिटले आणि देठाजवळ अंगठा टेकवून एकेक फळ तपासलं. बाहेरून मला जी धड दिसत होती त्यांतली चार तिने बाजूला काढली. मी म्हटलं, "ही तं चांगली हायेत." तिने एक चिरून दाखवलं, देठाखाली तपकिरी रेघ होती. तळाशी, गार जमिनीला टेकलेली सात तेवढी तिच्या अंगठ्याला पटली. माझ्या कागदात हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

ती सात आम्ही दोघींनी पुन्हा गुंडाळून रांजणाखाली नेली. आत्याने ओढ्याची वाळू आणून चाळली, भिजवली आणि प्रत्येक पुडकीभोवती तिची छोटी पाळ केली. सडलेली लांब उकिरड्यात पुरली. मऊ पडलेली तिने किसून गुळात शिजवली, आंब्याचा गुळांबा करतात तशी, आणि बरणीत भरून ठेवली. आई-बाबांना तिने स्वतःच सांगितलं, "म्या खराब केले." मी काय बोलले होते ते मात्र तिने सांगितलं नाही. पुढचे रविवार आम्ही दोघी मिळून बसायचो. ती उघडायच्या आधी म्हणायची, "वाच बरं," आणि मी वाचायचे. तोपर्यंत दोघींनाही तो कागद पाठ झाला होता. तरी ती ऐकायची, मी वाचायचे, आणि माफी मागायची माझी हिंमत काही व्हायची नाही. अधेमधे सातातली चार गेली. ताई यायला दोन दिवस उरले तेव्हा तीन होती.

ताई आली ती सुकलेली. डोळे तेवढे मोठे. सोबत सासू आणि नणंद. अंगण सारवलेलं, भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीला हार, खाली पाटावर ताई हिरव्या लुगड्यात. त्रिशरण झालं, ओटी भरली. ओटीत पाच फळं लागतात. पेरू, केळं, बोरं, लिंबू, आणि आईने मला खूण केली. मी मागच्या खोलीत गेले, माझ्यामागे आत्या. आम्ही तिन्ही कागद उघडले. एकाला अंगठा टेकवून आत्याने नकाराची मान हलवली. दुसऱ्यालाही. तिसऱ्याच्या देठाशी तिने अंगठा बराच वेळ ठेवला. साल जरा सुरकुतलेली होती, म्हाताऱ्या बाईच्या गालासारखी. "हे चांगलं हाय," ती म्हणाली आणि खाली बसली.

ते एक सफरचंद ताईच्या ओटीत गेलं. ताईने तिथेच ते बाहेर काढून गालाला लावलं आणि रडायलाच लागली. सासूबाईंना वाटलं, काही दुखतंय. मग ताई म्हणाली, "चाकू द्या." पहिली फोड तिने खाल्ली, डोळे मिटून, सावकाश. आम्ही सगळ्या तिच्या गळ्याकडे बघत होतो. फोड खाली उतरली आणि खालीच राहिली. दुसरीही. त्यानंतर तिने आत्याचा गुळांबा भाकरीशी मागितला आणि अर्धी बरणी त्याच आठवड्यात संपवली. जो भाचा त्यातून जन्माला आला तो आता एसटीत कंडक्टर आहे आणि त्याला सफरचंद अजिबात आवडत नाही.

तर ताईने उरलेल्या फोडी वाटल्या. सासूबाईंना, नणंदेला, आईला, मला. आणि उठून स्वतः आत्याच्या तोंडाशी एक फोड नेली. आत्या सवयीने म्हणाली, "नको वं, माहे दात..." पण ताईने ऐकलं नाही, फोड सरळ तोंडात घातली.

कर्रकन आवाज झाला. आत्या थांबली. चावायचं थांबून ती तशीच उभी राहिली, गाल फुगलेला, डोळे आमच्यावर फिरत. मग पुन्हा चावलं आणि पुन्हा तो आवाज झाला.

"असं असते हे?" ती म्हणाली.

ताई हसली. "कसं वाटलं होतं तुले?"

"मले काय माहीत वं. खाल्लं कुठं होतं कधी?" आत्या म्हणाली, कोणाला दोष न देता. "आंब्यावानी असंन म्हनून वाटे. म्हनलं कडकच हाय अजून, पिकलंच नाई. ही चव माहीत असती तं म्या काडाले हातच लावला नसता."

बाकीच्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या हातात माझी फोड होती आणि मला दिवाळीतलं अंगण दिसत होतं, आत्याचा पुढे आलेला तळहात आणि तिथून फोड उचलणारी माझी बोटं. वाचता येण्या-न येण्याचा काही संबंध नव्हता. तिच्या वाटणीचं मी खाल्लं होतं.

मी तिच्याजवळ गेले आणि माझी फोड तिच्या हातावर ठेवली.

"काऊन? तुले नको?"

"माहे दात दुखून राह्यले," मी म्हटलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तेरा वर्साचे दात?" आणि तिने ती फोड खाल्ली, एकही घास मागे न ठेवता.